हप्ता, भाडं आणि उद्याचं पाणी

बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा किंवा विरार, यांपैकी कुठेही इस्टेट एजंटकडे एकाच घराचे दोन आकडे असतात. एक विकत घेण्याचा, दुसरा भाड्याने राहण्याचा. विकत घेणारा पहिल्या आकड्यावर तास तास घासाघीस करतो आणि दुसरा विचारतही नाही. हिशेबापुरतं धरू की स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावरचा वन बीएचके ३५ लाखांना आहे. सात लाख खिशातले आणि २८ लाख बँकेचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता महिना सुमारे २४,३०० रुपये बसतो. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावरचं घर भाड्याने नऊ हजारांत मिळतं असं धरू. भिंती, खिडक्या, नळाला येणारं पाणी, स्टेशनपर्यंतची रिक्षा, सगळं तेच. तरीही एका घराला दोन माणसं इतके वेगळे पैसे देतात. मुंबईच्या पलीकडच्या उपनगरांचा घरबाजार समजून घ्यायचा तर या फरकापासून सुरुवात करावी, कारण बाकीच्या बऱ्याच गाठी तिथूनच सुटतात.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: हप्त्यातून घर आपलं होतं, भाडं मात्र वाया जातं. यात तथ्य आहे, पण दिसतं तेवढं नाही. पहिल्या महिन्याच्या २४,३०० रुपयांपैकी सुमारे १९,८०० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. मुद्दल फिटतं साडेचार हजारांचं. म्हणजे तुलना करायची ती नऊ हजारांची १९,८०० रुपयांशी, आणि त्यातही सात लाखांवर बुडणारं व्याज, स्टँप ड्युटी, नोंदणी आणि बांधकाम चालू असेल तर जीएसटी धरलेला नाही. दुसरं उत्तर असं की भाडं वाढत जातं, हप्ता तेवढाच राहतो. खरं आहे. पण दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढणारं नऊ हजारांचं भाडं २४ हजारांच्या जवळ पोचायला वीस वर्षं लागतात, म्हणजे तोवर कर्ज संपत आलेलं असतं. दहा टक्क्यांनी वाढलं तर दहा वर्षं. स्वतःच्या घराची ओढ, स्थळं बघताना त्याला असलेलं वजन, घरमालकाने काढून टाकण्याची धास्ती, या सगळ्याची किंमत असते आणि ती माणसं आनंदाने मोजतात. तरीही भाड्याहून मोठा फरक केवळ ओढीने भरून निघत नाही. त्या फरकात आणखी काहीतरी विकलं जात असतं.

ते म्हणजे उद्या. भाडेकरू आज जे आहे त्याचेच पैसे देतो: आज नळाला पाणी किती वेळ येतं, आज सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळते का, आज जवळपास शाळा आणि दवाखाना आहे का. उद्या मेट्रो येणार आहे म्हणून कोणी भाडं जास्त देत नाही. खरेदीदार मात्र मेट्रो, नवी पाइपलाइन, रुंद रस्ता, तिसरी-चौथी रेल्वेलाइन हे सगळं आलंय असं समजून पैसे मोजतो. जाहिरातीतला 'प्रस्तावित' हा शब्द बारीक अक्षरात असतो, पण किमतीत तो पूर्ण मोजलेला असतो. एवढंच असतं तर ही साधी गुंतवणूक ठरली असती. अडचण पुढची आहे: खरेदीदार उद्याच्या सोयींचे पैसे आज भरतो, पण ते ज्याच्या हाती पडतात त्याच्यावर त्या सोयी उभारण्याची जबाबदारी नसते. आणि ज्याच्यावर ती जबाबदारी असते, त्याच्याकडे त्या पैशातला फार थोडा भाग पोचतो.

हे कसं घडतं ते बिल्डरच्या हिशेबातून कळतं. सिमेंट, सळई, लिफ्ट, टाइल्स यांचा खर्च दादरला आणि बदलापूरला फारसा वेगळा नसतो. वेगळी असते ती जमीन. बिल्डर आधी अंदाज बांधतो की इमारत पुरी होईल तेव्हा इथे चौरस फुटाला काय दर मिळेल. त्यातून बांधकाम, परवानग्या, व्याज आणि स्वतःचा नफा वजा करतो. उरतं ते जमीनमालकाला देण्याजोगं. म्हणून रेल्वेची किंवा मेट्रोची नुसती घोषणा झाली की सिमेंट महाग होत नाही, सातबाऱ्यावरची जमीन महाग होते. घोषणा आणि सोय यांच्यामध्ये जेवढी वर्षं जातात तेवढी वर्षं तो पैसा जमिनीत मुरलेला असतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाइन एका दशकाहून अधिक रखडून फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. त्या रखडलेल्या काळात कळवा, मुंब्रा, डोंबिवलीच्या गाड्या रिकाम्या धावल्या नाहीत आणि तिथले दरही थांबले नाहीत.

माणसं इथे का येतात हे सांगायला आकड्यांची फार गरज नाही, पण आकडे बोलके आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २० लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली, म्हणजे जेमतेम चार टक्के वाढ. मुंबई शहर जिल्ह्याची तर घटली, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली. त्याच दशकात तेव्हाचा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर पोचला आणि देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा झाला. पुढे २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा काढावा लागला. (२०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून आजही या जुन्या आकड्यांवरच काम भागवावं लागतं. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या प्रदेशाचं नियोजन पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजणीवर चालतं, ही बाब नीट लक्षात घेण्यासारखी आहे.)

गर्दी एवढी असेल तर घरं रिकामी असू नयेत. पण तशी ती आहेत. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. २०१७-१८च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीने यावर स्वतंत्र चर्चा केली आणि एक महत्त्वाचं निरीक्षण नोंदवलं: शहराच्या दाट गाभ्यापासून जसजसं दूर जावं तसतसं रिकाम्या घरांचं प्रमाण वाढतं. जिथे घरं सर्वांत स्वस्त, तिथेच ती जास्त बंद. टंचाई निव्वळ घरांची असती तर चित्र उलट दिसलं असतं. टंचाई आहे ती पोचता येईल, पाणी येईल आणि कागद स्वच्छ असतील अशा घरांची.

विरारच्या बोळिंजमध्ये म्हाडाने बांधलेली वसाहत हा या म्हणण्याचा जवळपास प्रयोगशाळेतला पुरावा म्हणता येईल. सरकारी संस्था, सरकारी जमीन, फसवणुकीची भीती नाही, सुमारे दहा हजार घरं. मुंबईत म्हाडाच्या सोडतीला अर्जांचा पाऊस पडतो, आणि इथे पाच हजारांच्या आसपास घरं वर्षानुवर्षं पडून राहिली. सोडतीमागून सोडती झाल्या, शेवटी 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' करून पाहावं लागलं. न विकण्याचं जे कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं ते पाणी. वसई-विरारला आणि मीरा-भाईंदरला मिळून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी देण्याची सूर्या प्रादेशिक योजना एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाने हाती घेतली होती. त्यातला १८५ दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारचा. तो प्रत्यक्ष मिळू लागला २०२३च्या अखेरीस, म्हणजे इमारती उभ्या राहिल्यानंतर कितीतरी वर्षांनी. आधी वस्ती आणि मग पाणी हा क्रम आपल्याकडे इतका रुळला आहे की तो उलटा आहे हेही कोणाला खटकत नाही. आणि हे पाणी फुकटचं नव्हतं. सूर्या धरण मुळात डहाणू-पालघरच्या शेतीसाठी. तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी शहरांकडे वळवायला विरोध केला होता. विरारच्या घराच्या किमतीत त्यांचा हिस्सा कुठेच दिसत नाही.

दुसरा पुरावा गिरणी कामगारांचा. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी शेलू आणि वांगणी इथे ८१ हजार घरांचा निर्णय घेतला. अनुदान वजा जाता कामगाराने भरायचे होते साडेनऊ लाख. मुंबईच्या मानाने हा आकडा जवळपास फुकट वाटावा असा. तरी कामगार संघटनांनी ही घरं नाकारली आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात मोर्चा नेला: घरं मुंबईतच हवीत. याला हट्ट म्हणणारे भेटतात. पण सीएसएमटीपासून सुमारे ८० किलोमीटरवर, कर्जतच्या मोजक्या गाड्यांवर भिस्त ठेवून, साठी उलटलेल्या माणसाने किंवा परळला कामाला जाणाऱ्या त्याच्या मुलाने राहायचं म्हणजे रोजचे चार तास द्यायचे. साडेनऊ लाखांत ते तास धरलेले नसतात. कामगारांनी हिशेब केला नाही असं नव्हे, त्यांनी तो पूर्ण केला.

आता यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. अर्थशास्त्राचं पहिलं पान सांगतं की पुरवठा वाढवा, किंमत उतरेल. एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याची मर्यादा, वाढवा, परवानग्या सोप्या करा, जमीन मोकळी करा, बाजार बाकीचं बघेल. मी हे टाकाऊ मानत नाही. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने जमीन गरिबांना मिळण्याऐवजी कोर्टकचेऱ्यांत अडकली आणि महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला तेव्हा उशीरच झाला होता. दूरच्या उपनगरांत भाडी कमी आहेत हीसुद्धा भरपूर बांधकामाचीच पुण्याई. पण भाडी कमी राहूनही किमती भाड्याच्या मागे आल्या नाहीत, इथेच नुसत्या पुरवठ्याचा सिद्धांत अडखळतो. कारण मजले वाढवता येतात तसे लोकलचे डबे वाढत नाहीत. ज्या गाडीत आधीच उभं राहायला जागा नाही, त्या गाडीच्या मार्गावर आणखी वीस टॉवर उभारले तर प्रत्येक घराची उपयुक्तता थोडी घटते, आणि ती घट भाड्यात लगेच उतरते. किंमत मात्र पुढच्या घोषणेच्या आधारावर तग धरून राहते.

दुसरा आक्षेप गुंतवणूकदारांवर बोट ठेवतो: दोन-दोन, तीन-तीन फ्लॅट घेऊन कुलूप लावणारेच किमती चढवतात. ते आहेत, आणि पुष्कळ आहेत. पण ते कारणापेक्षा परिणाम अधिक आहेत. जिथे भाडं किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास घुटमळतं, तिथे मालकाला भाडेकरूची कटकट नकोशी होणं स्वाभाविक आहे. त्याचं लक्ष भाड्यावर नसतंच, उद्याच्या दरावर असतं. शिवाय १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याची दहशत अजून ओसरलेली नाही. पागडीच्या चाळींत भाडेकरू पिढ्यानपिढ्या राहिले हे प्रत्येक घरमालकाच्या डोक्यात बसलेलं आहे. वास्तविक १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची वेगळी तरतूद आहे. कायदा बदलून पाव शतक झालं, धास्ती बदलली नाही. देशाच्या शहरांत १९६१ मध्ये ५४ टक्के कुटुंबं भाड्याने राहत होती, २०११ मध्ये २८ टक्के. उरलेले सगळे श्रीमंत झाले म्हणून मालक झाले असं नाही. बऱ्याच जणांपुढे दुसरा मार्ग राहिला नाही.

दुसरा मार्ग नसलेला माणूस मग कागदावर तडजोड करतो. चढ्या किमतीतलं 'उद्या' परवडत नाही म्हणून तो बेकायदा इमारतीत घर घेतो, आणि बहुतेकदा ती बेकायदा आहे हे त्याला ठाऊकही नसतं. नालासोपारा पूर्वेला डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. जमीन कशासाठी राखीव होती हे पुन्हा वाचा. शहराला हवी असलेली सोय जिथे यायची होती तिथेच त्या सोयीविना घरं आली. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांकच मिळवला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याही पाडायचे आदेश दिले. मे २०१७ पासून लागू झालेल्या रेरा कायद्याने मोठं काम केलं: विक्री कार्पेट एरियावर आली, ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागले, पाच वर्षं दोषांची जबाबदारी बिल्डरवर आली. डोंबिवलीच्या प्रकारानंतर परवानग्या पालिकांकडून ताडून घेण्याची पद्धतही आली. पण रेरा इमारतीची हमी देतो, परिसराची नाही. ताबा वेळेवर मिळाला आणि टँकरवर दिवस काढावे लागले, तर रेराच्या दृष्टीने तो प्रकल्प यशस्वी.

सोयी आधी आणि घरं नंतर हे आपल्याकडे कधी जमलंच नाही असं मात्र नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात आधी जमीन घेतली, रस्ते आणि गटारं आखली आणि मग प्लॉट भाडेपट्ट्याने दिले. पुढे सिडकोने नवी मुंबई वसवताना हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं. १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, विकसित भूखंड विकून आलेल्या पैशातून शहर उभं राहिलं. मानखुर्दहून खाडी ओलांडून येणाऱ्या रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, रेल्वेने ३३ टक्के. मे १९९२ मध्ये लोकल वाशीला पोचली. जमिनीची वाढलेली किंमत आणि ती वाढवणारी रेल्वे यांचा हिशेब एकाच वहीत होता, म्हणून हे घडलं. वसई-विरारमध्ये किंवा अंबरनाथ-बदलापूरमध्ये अशी वहीच नाही. तिथे जमीन खासगी, घरपट्टी नगरपालिकेची किंवा महापालिकेची, पाण्याची योजना एमएमआरडीएची किंवा जीवन प्राधिकरणाची, आणि रेल्वे दिल्लीची.

पण सिडकोचं गुणगान करताना त्याची किंमत कोणी मोजली हे वगळून चालणार नाही. जमिनी गेल्या त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-दास्तान परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आकाराला आलं. शिवाय भूखंड चढ्या बोलीने विकणारी संस्था घरं स्वस्त करणार कशी, हा प्रश्न सिडकोला आज तिच्या स्वतःच्या घरांच्या दरांवरून विचारला जातो, आणि तो रास्त आहे. म्हणून आज जास्त पटणारा मार्ग नगररचना योजनेचा. त्यात जमीन हिसकावून घेतली जात नाही. मालक रस्ते, उद्यानं, शाळा यांसाठी वाटा सोडतो आणि उरलेली आखीव जमीन, वाढलेल्या किमतीसह, त्याच्याकडेच राहते. पार्ले, सांताक्रूझ असे भाग शंभर वर्षांपूर्वी अशाच योजनांतून आखले गेले. पनवेल परिसरातल्या नैना क्षेत्रात सिडको आता तेच करते आहे, मालकाकडे ४० टक्के जमीन ठेवून. क्षेत्र २०१३ मध्ये अधिसूचित झालं, काम मात्र संथ, आणि ६० टक्के सोडण्याला गावकऱ्यांचा विरोध आहेच. तरीही दोन्ही बाजू निदान खऱ्या प्रश्नावर भांडत आहेत: वाढीव किंमत कोणाची आणि तिच्यातून रस्ता कोण बांधणार. बाकी उपनगरांत हे भांडण होतच नाही, कारण पैसा आधीच वाटून झालेला असतो.

दरम्यान सरकारला आज, एकही नवा कायदा न करता, एक गोष्ट करता येईल. रेडी रेकनर दरवर्षी प्रत्येक गावा-वॉर्डातला खरेदीचा दर छापतो. भाड्याचा छापत नाही. वास्तविक लिव्ह अँड लायसन्सच्या कराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे आणि ती आता बहुतांशी ऑनलाइन होते, म्हणजे कुठल्या भागात कोणत्या आकाराच्या घराला काय भाडं मिळतं हे नोंदणी व मुद्रांक विभागाकडे पडून आहे. काही करार नोटरीवरच उरकले जातात, काहींत आकडा कमी दाखवला जातो, त्यामुळे तक्ता तंतोतंत होणार नाही. खरेदीचे दर तरी कुठे तंतोतंत असतात? नावं आणि पत्ते वगळून वॉर्डनिहाय भाडी रेडी रेकनरच्या शेजारच्या रकान्यात छापली, तर ३५ लाखांपैकी किती घराचे आणि किती घोषणेचे हे बुकिंगची रक्कम देण्याआधी कोणालाही मोजता येईल. बँकांनाही येईल, आणि कर्ज मंजूर करताना त्यांनी तो रकाना पाहायला हवा.